प्रतिसृष्टीचे पंचांग

काल्पनिक ग्रहमालेची रचना आणि मराठी विज्ञानकथा

मराठी समीक्षेत ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यामागची गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठवू पाहतो. देव त्याला खाली ढकलतात, आणि संतापलेला विश्वामित्र दक्षिण आकाशात नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रमाला निर्माण करू लागतो. लेखकाने केलेल्या जगाला आपण प्रतिसृष्टी म्हणतो, पण मूळ प्रतिसृष्टी ही कादंबरी नव्हती, ते अक्षरशः नवे तारामंडळ होते. पुढची तडजोड तर फारच अर्थपूर्ण आहे. देव म्हणतात, ही नवी नक्षत्रे राहू देत, पण ती वैश्वानरपथाच्या बाहेर राहतील. म्हणजे आकाशात ती दिसतील, पण ज्या मार्गावरून ग्रहगोलांची ये-जा मोजली जाते त्या मार्गात त्यांना जागा नाही. त्यांच्यावरून महिने ठरणार नाहीत, सण ठरणार नाहीत. दुसऱ्या शब्दांत, त्यांचे पंचांग होणार नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या तडजोडीतच आहे. कथेसाठी एखादा तारा आणि त्याभोवतीचे ग्रह रचायचे, तर ते नुसते आकाशात टांगून भागते का? माझे म्हणणे असे की ज्या ग्रहाचे पंचांग मांडता येत नाही, तो ग्रह कथेत उभा राहत नाही. आणि आपल्याकडे पंचांगाची एवढी जुनी, घरोघरी पोहोचलेली परंपरा असूनही मराठी विज्ञानकथेने हे हत्यार फारसे हाती घेतलेले नाही.

केतकरांचे दोन ग्रह

गणिताने ग्रह रचण्याचे मराठी उदाहरण विज्ञानकथेत नाही, ते पंचांगकर्त्यांत सापडते. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे पेशाने शिक्षक. ‘ज्योतिर्गणित’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ आणि त्यांच्या गणितावर आधारलेली पंचांगे यांमुळे त्यांचे नाव पंचांगशोधनाच्या चळवळीत कायमचे राहिले. केरूनाना छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक यांनी ज्या वादात लक्ष घातले, तो वाद साधा होता : पंचांगात लिहिलेले आकाश आणि डोळ्यांना दिसणारे आकाश जुळले पाहिजे.

याच केतकरांनी १९११ साली फ्रान्समधील खगोल संस्थेच्या पत्रिकेत एक टिपण प्रसिद्ध केले. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या तीन चंद्रांच्या फेऱ्यांत एक बांधलेले प्रमाण आहे. गॅनिमीडची एक फेरी होते तेव्हा युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. लाप्लासने हा संबंध उलगडला होता. असाच संबंध युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडच्या ग्रहांत असावा, असे केतकरांनी गृहीत धरले आणि दोन नवे ग्रह मांडले. त्यांना नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर, त्याचे वर्ष २४२.२८ वर्षांचे. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साधारण ३९.५ पट, फेरी सुमारे २४८ वर्षांची. त्याच वर्षी केतकर वारले.

हा प्रसंग आपल्याकडे ‘प्लूटोचे भाकीत’ म्हणून अभिमानाने सांगितला जातो. तो अभिमान जरा आवरता घ्यावा असे मला वाटते. आकडे जवळ आले हे खरे. पण विष्णू कधीच सापडला नाही, आणि प्लूटो हा इतका लहान निघाला की २००६ मध्ये त्याला ग्रहांच्या यादीतून काढावे लागले. समीक्षकाला यात वेगळी गोष्ट दिसते. केतकरांनी ग्रहाचे दोनच आकडे दिले : अंतर आणि कालावधी. कक्षा किती लांबट, किती कललेली, ग्रह आत्ता कुठे आहे, यांपैकी काही नाही. ब्रह्मा हा दोन आकड्यांचा ग्रह आहे. पण ते दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. एक बदलला की दुसरा बदलतो. कल्पिताला ही शिस्त असणे म्हणजेच रचना.

केतकरांची रीत पुढे कुठे फळाला आली हेही पाहण्याजोगे आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील मंद, तांबूस ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. सर्वांत बाहेरच्या ग्रहाची फेरी किती दिवसांची हे तेव्हा नक्की नव्हते. संशोधकांनी आतल्या ग्रहांच्या फेऱ्यांतले प्रमाण पाहिले, लाप्लासचाच संबंध पुढे चालवला आणि कालावधीचे भाकीत केले. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींतून उत्तर आले : सुमारे १८.७७ दिवस. भाकीत बरोबर होते. नेपच्यूनपलीकडे केतकरांनी जे गृहीत धरले ते तिथे लागू नव्हते. दुसऱ्या एका सूर्याभोवती मात्र तीच रीत चालली.

या अंतरांचा अंदाज यावा म्हणून एक प्रमाण घेऊ. माझ्या ओळखीचा पट्टा उल्हासनगर ते बदलापूर हा आहे. रुळांवरून साधारण दहा किलोमीटर. सूर्य उल्हासनगर स्टेशनात ठेवला आणि नेपच्यून बदलापुरात, तर सूर्य तीन मीटर व्यासाचा होतो. पृथ्वी ३३३ मीटरवर, छोट्या लिंबाएवढी. गुरू अंबरनाथ स्टेशन यायच्या आत, शनी ते मागे पडल्यावर. केतकरांचा ब्रह्मा बदलापूर सोडून तीन किलोमीटर पुढे, वांगणीच्या अलीकडे कुठेतरी शेतात. ट्रॅपिस्टची सातही ग्रहांची माला याच प्रमाणात लोकलच्या एका डब्याच्या लांबीत मावते. आणि आपल्याला सर्वांत जवळचा दुसरा तारा? या प्रमाणात तो जवळजवळ नव्वद हजार किलोमीटरवर येतो. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या तरी ते अंतर पुरे होत नाही. ‘दुसऱ्या ताऱ्यावरून पाहुणे आले’ हे वाक्य लिहिताना लेखकाने एवढे अंतर मनात धरलेले असावे.

मराठी विज्ञानकथेचे आकाश

मराठी विज्ञानकथेचा आधुनिक टप्पा साधारणपणे १९७४ पासून मोजतात. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे नाव. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा या प्रकाराला मुख्य दालनात जागा मिळाली असे म्हणता येईल. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्या कामाचे मूल्यमापन आता गौरवाच्या पलीकडे जाऊन करायला हवे.

एक आश्चर्य असे. विश्वरचनाशास्त्रात आयुष्य घालवलेल्या या लेखकाच्या गाजलेल्या कथा बहुतेक पृथ्वीवरच घडतात. ‘धूमकेतू’त संकट आकाशातून येते, पण कथा इथल्या श्रद्धा-अंधश्रद्धांची आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये दुसरे विश्व आहे, पण तेही आपल्याच इतिहासाचे दुसरे वळण. ‘वामन परत न आला’मध्ये प्रगत संस्कृतीचा ठेवा उत्खननात सापडतो. ‘प्रेषित’ या शब्दातच दिशा आहे : तिकडून इकडे. आपण तिकडे जाऊन राहिलो, तिथे पेरले, तिथे म्हातारे झालो, ही दिशा ठळकपणे येत नाही.

याचे कारण कल्पनेची कमतरता असे मी म्हणणार नाही. नारळीकरांची रीत एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची होती. ‘हिमप्रलय’ हे त्याचे उत्तम उदाहरण. वातावरणाच्या उंच थरातल्या धुळीने सूर्याची ऊब अडते, तापमान उतरते, आणि मुंबईत बर्फ पडते. एका आकड्याच्या बदलातून नगर, शासन, स्थलांतर सगळे हलते. खरे तर ही ग्रहरचनाच आहे. फक्त ग्रह आपला आहे. वाचकाला मुंबई माहीत असल्यामुळे काय बिघडले ते लगेच कळते. दिवाळी अंकातल्या पंधरा पानांत परका ग्रह उभा करण्यापेक्षा ओळखीचा ग्रह बिघडवणे सोपे, आणि प्रबोधनाच्या हेतूला सोयीचे. हा हेतू या चळवळीच्या मुळाशीच होता.

अडचण पुढच्या पिढीत दिसते. परग्रह आता कथांत सर्रास येतात, पण ते पडद्यावरून आलेले असतात. आकाशात दोन चंद्र, तांबडा सूर्य, निळी झाडे. दोन चंद्र असले तर महिना कोणत्या चंद्राचा? एकादशी कोणाची धरायची? दोन्ही एका ओळीत आले की समुद्र किती चढतो? लेखकाने हे स्वतःला विचारलेले नसते. ते चंद्र लग्नमंडपातल्या झुंबरांसारखे असतात. काढून ठेवले तरी कथेत काही बदलत नाही. हीच वैश्वानरपथाच्या बाहेरची नक्षत्रे.

पाश्चात्त्य विज्ञानकथेत या बाबतीत दोन परस्परविरुद्ध नमुने आहेत. हॅल क्लेमेंट हा अमेरिकेतला शाळामास्तर. १९५३ च्या ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’त त्याने मेस्क्लिन नावाचा ग्रह आधी गणिताने रचला, आणि तो कसा रचला यावर स्वतंत्र लेखही लिहिला. हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा त्या काळचा दावा त्याने आधाराला घेतला होता. तो दावा पुढे टिकला नाही, कादंबरी टिकली. मेस्क्लिन इतका वेगाने फिरतो की दिवस अठरा मिनिटांच्याही आत संपतो आणि ग्रह थालीपिठासारखा चपटा झालेला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवांकडे कित्येक शे पट. तिथले रहिवासी जमिनीसरपट, दीड-दोन वीत लांबीचे. काही इंच उंचीवरून पडणे म्हणजे मरण. म्हणून उंचीची भीती त्यांच्या हाडीमाशी भिनलेली आहे, फेकणे ही कल्पनाच त्यांना नाही. आकड्यातून भय निघाले आणि भयातून स्वभाव.

दुसरा नमुना अर्सुला ले ग्विनच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’चा (१९६९). ती गणित दाखवत नाही. पण कादंबरीच्या शेवटी गेथेन या हिमग्रहाच्या कालगणनेचे आणि घड्याळाचे परिशिष्ट जोडते. तिथे चालू वर्ष नेहमी ‘पहिले वर्ष’ असते. मागची-पुढची वर्षे त्यावरून मोजतात. या एका प्रथेत त्या समाजाचा इतिहासाकडे पाहण्याचा दृष्टिकोन आला. हे परिशिष्ट म्हणजे गेथेनचे पंचांगच. एक लेखक भौतिकीकडून आला, दुसरी मानववंशशास्त्राच्या घरात वाढली. दोघांना काळाच्या मोजणीपाशी यावे लागले.

एक ग्रह रचून पाहू

आपले पंचांग म्हणजे पाच अंगे : तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. वार ग्रहाच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातून येतो. तिथी आणि करण सूर्य-चंद्रामधल्या कोनातून, नक्षत्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील चंद्राच्या जागेतून, योग सूर्यचंद्रांच्या भोगांच्या बेरजेतून. म्हणजे तारा, ग्रह, उपग्रह आणि दूरचे आकाश या चारांचे परस्परसंबंध पाच रकान्यांत आलेले आहेत. कल्पित ग्रहासाठी याहून नेटका तक्ता मला माहीत नाही. भरून पाहू.

तारा सूर्याच्या ७० टक्के वस्तुमानाचा, नारिंगी घेऊ. असा तारा सूर्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा कमीच प्रकाश देतो. आपल्याएवढी ऊब हवी तर ग्रहाला सूर्य-पृथ्वी अंतराच्या निम्म्याहून किंचित आत राहावे लागेल. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने वर्ष निघते सुमारे १५० दिवसांचे. दिवस आपल्याएवढाच धरू. इथली सोळा वर्षांची मुलगी तिथे एकोणचाळीस वर्षांची होईल. साठीशांत आपल्या पंचविशीच्या आतच करावी लागेल.

आता पाऊस. आपल्याकडे वर्षाचा तिसरा हिस्सा पावसाळा. तिथेही तेच प्रमाण धरले तर पावसाळा पन्नास दिवसांचा. अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरात अजून जी भातशेती उरली आहे, तिथे कोणालाही विचारा : हळवे भातसुद्धा पन्नास दिवसांत हाती येत नाही. म्हणजे या ग्रहावर पावसावरचे भात नाही. साठवलेले पाणी, तळी, बंधारे आणि पाण्यावरून भांडणे आहेत. किंवा लोक कंदमुळांवर जगतात. जेवणातून भात गेला की लग्नातल्या अक्षता गेल्या. ज्या लेखकाला हे दिसले त्याला कथानक शोधावे लागत नाही.

चंद्र आपलाच, आपल्याच अंतरावर ठेवू. तो ताऱ्यांच्या संदर्भात २७.३ दिवसांत फेरी करील, पण ग्रह स्वतःच्या सूर्याभोवती झपाट्याने फिरत असल्यामुळे अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे ३३ दिवस लागतील. वर्षात असे महिने बसतात साडेचार. म्हणजे एक वर्ष चार महिन्यांचे, पुढचे पाचांचे, वर्षाआड अधिकमास. आपल्याकडे तो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून जावयाचे धोंडे परवडतात. तिथल्या सासऱ्यांना दर तीनशे दिवसांनी ते वाढावे लागतील, आणि त्या समाजातले जावयाचे स्थान बहुधा वेगळे असेल.

आकाशातला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे दीडपट रुंद दिसेल. चंद्र त्याला कधीच पुरा झाकणार नाही. खग्रास सूर्यग्रहण त्या लोकांच्या स्मृतीतच नसेल, कंकणाकृती तेवढे. राहूने सूर्य गिळला ही कथा तिथे जन्मणार नाही; फार तर त्याला टोचले असे म्हणतील. समुद्रावर सूर्याची ओढ आपल्या सहापट, चंद्राच्या अडीचपटीहून जास्त. कोकणातला कोळी तिथीवरून भरतीची वेळ काढतो, कारण भरती चंद्राबरोबर रोज पाऊण-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्या किनाऱ्यावर भरती सूर्याला बांधलेली असेल, रोज जवळजवळ त्याच वेळेला. उधाण आणि भांग राहतील, पण वेळेसाठी तिथी मोजण्याची गरज राहणार नाही. तिथीचे काम गेले की तिचे महत्त्व किती पिढ्या टिकेल?

ट्रॅपिस्टसारख्या मालेत प्रश्न आणखी अवघड होतो. ताऱ्याच्या इतक्या जवळचे ग्रह बहुधा एकच बाजू त्याच्याकडे ठेवून फिरतात, आपला चंद्र आपल्याकडे ठेवतो तशी. तिथे सूर्य उगवत नाही, मावळत नाही. वार हे अंगच गळून पडते. ‘उद्या’ला अर्थ उरत नाही. आणि दिवेलागण ही तिथे वेळ राहत नाही, ती एक जागा होते : उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरचा पट्टा, जिथे चालत जाता येते. मराठीतला एक शब्द काळातून उचलून भूगोलात ठेवला की पूर्ण कथेचे बीज मिळते. हे भाषांतरातून मिळणार नाही. ‘दिवेलागण’ ज्या भाषेत आहे तिच्यातच ते सुचेल.

उल्हासनगरचे टिपणो

यावर रास्त आक्षेप असा येईल : साहित्य म्हणजे हिशेब नव्हे, माणसाचे सुखदुःख कोणत्याही सूर्याखाली तेच. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण माझ्या शेजारच्या गावात आहे.

उल्हासनगर हे फाळणीने वसवलेले शहर. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीचे नामकरण झाले. पत्ते आजही ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतात. या लोकांची नदी गेली, घरे गेली, शेती गेली, लिपीचाही वाद उभा राहिला. बरोबर काय आले? टिपणो आले. टिपणो म्हणजे सिंधी पंचांग. चेटीचंड चैत्रातल्या द्वितीयेच्या चंद्राशी बांधलेला, गुढीपाडव्याला लागूनच येणारा. सक्खरवर उगवणारी बीज आणि कॅम्पातल्या बराकीवर उगवणारी बीज एकच होती. जमिनीवरचे सारे बदलले तरी आकाशाने साथ सोडली नाही, म्हणून सण चालू राहिले आणि सणांभोवती समाज पुन्हा बांधला गेला. तिथून दोन-अडीच किलोमीटरवर वालधुनीकाठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. त्याच्या शिलालेखात शके ९८२ आहे. मंदिराशेजारच्या त्या नदीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने पार बदलले. शक मात्र अजून चालू आहे आणि आपण त्यावरून वर्षे मोजू शकतो.

पृथ्वीवरच्या कोणत्याही विस्थापिताला एवढा आधार असतोच. दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेल्या माणसाला तो नसेल. त्याचा चंद्रही मागे राहील. त्याने जुने टिपणो बरोबर नेले, तर वर रचलेल्या ग्रहावर त्याची दिवाळी दर ३५४ किंवा ३८४ दिवसांनी येईल. तिथल्या १५० दिवसांच्या वर्षात ती ऋतूंमधून भटकत राहील, कधी भर पावसात, कधी कोरड्या उन्हात, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री डोक्यावर पूर्ण चंद्र असू शकेल. त्याची नातवंडे विचारतील, अमावास्या नसताना ही अमावास्या कसली? मग घरात दोन पक्ष पडतील : जुने पंचांग पाळणारे आणि इथले आकाश मानणारे. हा वाद आपण पाहिलेला आहे. पंचांगात लिहिलेले आकाश आणि डोळ्यांना दिसणारे आकाश जुळावे की नाही, हाच छत्रे-केतकरांच्या काळातला वाद. इतिहासाने तो आपल्याला एकदा दिला. विज्ञानकथेला तो पुन्हा, अधिक तीव्रपणे मांडता येईल.

म्हणून ग्रहाची रचना हा कथेआधीचा तांत्रिक उपचार मानू नये. विस्थापन, परंपरा, पिढ्यांतले अंतर हे आपले जुने विषय तिच्यात आकड्यांच्या रूपाने दडलेले असतात. मराठी विज्ञानकथेची समीक्षा आजवर बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरली : विज्ञान किती बरोबर, आणि कथा किती रंगलेली. यापुढे परग्रहाची कथा हाती आली की तिसराही प्रश्न विचारावा : तिथे आज तिथी कोणती? कथेतले एखादे पात्र याचे उत्तर देऊ शकेल, किंवा तिथे तिथीच का नाही हे सांगू शकेल, तर लेखकाने ग्रह रचलेला आहे. लेखकाने हे गणित छापू नये. कागदाच्या दोन बाजूंवर मांडून आपल्या खणात ठेवावे. केप्लरचा नियम शाळेतल्या वर्गमुळाने सुटतो. पाच रकाने कसे भरायचे, हे तर प्रत्येक घरातल्या भिंतीवर टांगलेलेच आहे.